तीन कोटेशनं आणि पाचवा रविवार

धाकटेराव चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या भांडार विभागात होते, आणि त्या चौतीस वर्षांत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा विकत घेतली नाही. बंद लिफाफ्यात तीन कोटेशनं, तिघांचा तुलनात्मक तक्ता, आणि सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला काम. हा नियम कोणी केला ते त्यांना माहीत नव्हतं, पण तो मोडला की काय होतं ते त्यांनी एका सहकाऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, कुंड्यांना पाणी घालतात. धाकटेरावांनी नियम घरी आणला. छत्रीची तीन कोटेशनं गोळा होईपर्यंत पाऊस संपला, आणि पुढच्या वर्षी दर बदलले म्हणून फाइल पुन्हा उघडावी लागली. बायको म्हणते, "माझंही तसंच झालं. यांनी तीन मुली बघायच्या ठरवल्या होत्या. तिसरीकडचे वेळेवर आले नाहीत, म्हणून माझी फाइल मंजूर झाली."

वय वर्षं त्रेसष्ट, केस गेलेले, गुडघे जायच्या तयारीत, पण चार भावंडांत शेवटचे, म्हणून घरात अजून त्यांना धाकट्या म्हणूनच हाक मारतात. आपण निदान धाकटेराव म्हणू. माणसाला थोडा मान असावा, विशेषतः पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांचा फारसा उरत नाही म्हणून.

तर महिनाअखेरीला आई ताईकडे राहायला जाणार होती. ताईचं घर तळमजल्यावर, इथे तीन जिने आणि लिफ्ट नाही. चार महिन्यांसाठी, असं सगळे म्हणत होते. शहाऐंशीव्या वर्षी बाई चार महिन्यांसाठी कुठे जाते तेव्हा परत कधी येणार हे कोणी विचारत नाही. धाकटेरावांनीही विचारलं नाही. आई मात्र एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "धाकट्या, जायच्या आधी मला एकदा त्या गाडीत बसव रे."

ती गाडी म्हणजे खालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात मेणकापडाखाली झोपलेली बाबांची दोन सीटांची स्पोर्ट्स कार. गडद हिरवी, कापडी छपराची आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर माणसाला आधी स्वतःची घडी घालावी लागते. बाबांनी ती घेतली तेव्हा दोन खोल्यांच्या घरात नऊ माणसं राहत होती: आजी-आजोबा, लग्न न झालेला काका, आई-बाबा आणि आम्ही म्हणजे ही चार मुलं. (सांगता सांगता माणूस त्या घरात शिरतो, त्याला इलाज नाही.) एक डॉक्टर गाव सोडून चालले होते, त्यांनी जाता जाता ती बाबांना दिली. आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीच्या सात जणांनी काय मागून पळायचं?" तेव्हापासून घराण्यात ही गोष्ट बाबांची एकुलती एक मोठी चूक म्हणून प्रसिद्ध होती. चार माणसं जेवायला जमली की कोणीतरी ती काढायचंच. बाबा दरवेळी एकच उत्तर द्यायचे, "स्वस्तात मिळाली." आणि आमटी वाढून घ्यायचे.

भांडणं नकोत म्हणून बाबांनी कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला होता. पहिला रविवार दादाचा, दुसरा मधल्याचा, तिसरा ताईचा, चौथा धाकट्याचा. ज्या महिन्यात पाचवा रविवार येईल तो आईचा. आपापल्या रविवारी बाबांच्या शेजारी बसायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एवढंच. पण नऊ माणसांच्या घरात बाबा एकट्याने कोणाच्या वाट्याला येत नसत. घरात ते बोलत ते सगळ्यांना मिळून, वरच्या पट्टीत. गाडीत मात्र हळू बोलत, प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. गिअरच्या दांड्यावर धाकट्याचा हात आणि त्यावर त्यांचा. दांड्याची थरथर तळहातातून कोपरापर्यंत यायची. धाकटेराव आजही कधी कधी बसच्या खिडकीत बसून उगाच मूठ आवळतात, ती त्या दांड्यावरची.

आता मुख्य गोष्ट. पाचवा रविवार आला की आई पदराला हात पुसत म्हणायची, "मला स्वयंपाक पडलाय. धाकट्याला न्या." आणि धाकटा पळत जाऊन बसायचा. एकदाही नाही म्हणाला नाही. आईला गाडी मिळायची ती फक्त कामाला: बाबा रोज पहाटे दूध आणायला गाडी काढत, आणि दुधाची किटली मांडीवर धरायला माणूस लागे, म्हणून बिचारीला अंधारात उठून जावं लागे. ते काम होतं, फेरी नव्हती, त्यामुळे तक्त्यात त्याची नोंद नसे. पोरं अंथरुणातून गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकत, आईची कीव करत, आणि कूस बदलून पुन्हा झोपत.

तेव्हा आई "एकदा बसव" म्हणाली तसे धाकटेराव चहा अर्धाच सोडून उठले. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. त्या महिन्यात पाचवा रविवार होता, आणि त्याच दुपारी ताई न्यायला येणार होती. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आईने एवढ्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, आणि गाडी गेली दोन वर्षं चावी फिरवली की तीनदा खोकून गप्प बसत होती. हातात सव्वीस दिवस. दुसऱ्या कोणी सरळ मेकॅनिक बोलावला असता. धाकटेरावांनी नवी फाइल उघडली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला.

पहिलं कोटेशन कंपनीच्या शोरूमचं. काचेचा महाल, आत सकाळी दहालाही हुडहुडी भरेल असा गारवा, आणि कॉफीचं यंत्र, ज्याने धाकटेरावांना दोनदा गरम पाणी दिलं. टॅब घेतलेली एक हसतमुख मुलगी समोर बसली.

"सर, हे मॉडेल सिस्टिममध्ये दिसत नाहीये."

"आमच्या पार्किंगमध्ये दिसतंय," धाकटेराव म्हणाले आणि गाडीचा फोटो पुढे केला.

मुलीने आत जाऊन कोणाला तरी विचारलं. मग मॉडेल सापडलं, पण पुढचं पान उघडेना. "मालकांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"मालक माझे वडील. कागद अजून त्यांच्याच नावावर आहेत."

"मग त्यांना विचारता का?"

"ते एकोणीस वर्षांपूर्वी वारले."

मुलगी खरोखर हळहळली. मग टॅबकडे पाहून म्हणाली, "त्यांचा दुसरा एखादा नंबर आहे का?"

शेवटी बाबांच्या नावापुढे धाकटेरावांचा नंबर पडला आणि बासष्ट कलमांचं कोटेशन हाती आलं. त्यात वातानुकूलन यंत्राची तपासणी होती, जे गाडीत नव्हतं, आणि मागच्या सीटच्या पट्ट्यांची तपासणी होती. "मागे सीटच नाही," ते म्हणाले. "मग ते कलम पास धरू," मुलगी म्हणाली आणि त्यापुढे हिरवी खूण केली. सुटे भाग जहाजाने येणार, अकरा आठवडे लागणार. त्या दिवसापासून रोज दुपारी फोन येऊ लागला, "मालकांशी बोलता येईल का?" पहिल्यांदा धाकटेरावांना गलबलून आलं. चौथ्या फोनपासून ते "सध्या बाहेर आहेत" असं सांगू लागले.

दुसरं कोटेशन उस्तादांचं. लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची शेड, तिच्यात उस्ताद. गावातल्या जुन्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात आणि ते गाडी बघत नाहीत, ऐकतात, अशी त्यांची ख्याती. गाडी तिथवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून धाकटेरावांनी मोबाइलवर तिचा खोकला ध्वनिमुद्रित करून नेला होता. उस्तादांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, पुन्हा एकदा ऐकला.

"हिच्याशी कोणी बोलत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय बिघडलंय?"

"इथे आणून टाका. बरी झाली की कळवतो."

"किती दिवस लागतील?"

"ते गाडी सांगेल."

"आणि खर्च?"

"तेही तीच सांगेल."

"हे जरा लिहून मिळेल का?" धाकटेरावांनी विचारलं. "बंद लिफाफ्यात."

उस्तादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शेडमधला हातोड्याचा आवाजही थांबला. मग खाली पडलेला सँडपेपरचा तुकडा उचलून त्याच्या पाठीमागे एक आकडा आणि "दोन महिने, रांग आहे" असं लिहून दिलं. घरी तो फाइलला लावताना पंचिंग मशीनचे दात गेले.

तिसरं कोटेशन मिळेना. एका गॅरेजची व्यायामशाळा झाली होती. दुसऱ्याने दारातूनच विचारलं, "बॅटरीवर चालते का?" आणि नाही म्हटल्यावर हात जोडले. दिवस उरले बारा. दोन कोटेशनांवर निर्णय घेणं धाकटेरावांच्या रक्तात नव्हतं, आणि तसंही दोघांपैकी एकाचीही तारीख पाचव्या रविवारपर्यंत पोचत नव्हती. ते जिन्यात डोकं धरून बसले असताना वरच्या मजल्यावरचे सर भेटले. सर म्हणजे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. इमारतीत बल्ब गेला तरी त्यांना आधी त्यामागचं तत्त्व सांगायचं असतं.

"तिसरं तुम्हीच भरा," सर म्हणाले. "मालकाने भरू नये असं नियमात कुठे आहे?"

धाकटेरावांनी नियम आठवून पाहिले. खरंच कुठे नव्हतं. बाबा गाडीची सगळी कामं घरीच करत. जुन्या ट्रंकेत त्यांचे पाने-हातोडे होते, कंपनीचं पुस्तक होतं. निव्वळ संख्या पुरी करायची म्हणून त्यांनी तिसऱ्या लिफाफ्यात स्वतःचं कोटेशन घातलं. ऑइल, प्लग, फिल्टर. मजुरीच्या रकान्यात आडवी रेघ.

लिफाफे बायकोने उघडले, चहानंतर, आई आणि सर साक्षीदार. तक्ता झाला. सगळ्यात कमी दर आणि सगळ्यात लवकरची तारीख एकाच ठेकेदाराची होती.

"हा माणूस काही बरोबर वाटत नाही," धाकटेराव घाईने म्हणाले. "याला अनुभव नाही."

"अनुभवाची अट घातली होती का?" बायकोने विचारलं.

"नाही, पण..."

"मग काम यालाच. नियम तुमचाच आहे." आणि तिने तक्त्याखाली सही केली.

कोपऱ्यातून आई म्हणाली, "मला नाही विचारलंस कोटेशन." सगळे हसले. आईही हसली आणि वाटाणे सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटेराव जुना पायजमा घालून गाडीखाली गेले. पुस्तकात लिहिलं होतं की तळाचा बोल्ट काढून जुनं ऑइल भांड्यात घ्यावं. भांडं केवढं असावं ते लिहिलं नव्हतं. बायकोचं सगळ्यात मोठं पातेलं तीन लिटरचं, गाडीच्या पोटात चार लिटर. पातेलं भरत आलं तेव्हा त्यांनी बोल्ट परत लावायला हात उचलला, तर बोल्ट पातेल्याच्या तळाशी. मग भोकावर अंगठा धरून ते पडून राहिले आणि हाक मारू लागले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. सर आले, पायांपाशी उकिडवे बसले आणि ऑइल गरम असताना पातळ का होतं ते समजावून सांगू लागले. समोरच्या काकूंनी पायांना विचारलं, "आई कधी जाणार?" पायांनी काय उत्तर द्यायचं? अकरा मिनिटांनी बायको परात घेऊन आली. तोपर्यंत पार्किंगमध्ये एक काळं तळं झालं होतं, आणि संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस दारावर लागली: सामायिक जागेत यांत्रिक कामे करण्यास सक्त मनाई. धाकटेरावांनी नोटिशीला क्रमांक नाही म्हणून ती परत पाठवली. रात्रीच्या आत क्रमांक घालून आली.

पण खरा घात पुढे झाला, आणि तो घात फक्त भांडार विभागातला माणूसच करू शकतो. धाकटेरावांनी वाचलं होतं की नवशिके भाग काढतात आणि मग कुठला कुठे ते विसरतात. आपल्या बाबतीत हे होऊ नये म्हणून त्यांनी आवक रजिस्टर घातलं. गाडीतून निघालेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर आवक क्रमांक, रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि वर्णन. आवक क्रमांक सात: नळी, रबरी, एक. आवक क्रमांक बारा: झाकण, काळे, गोल. असे एकतीस भाग जुन्या चादरीवर रांगेने मांडले गेले. अक्षर असं की कोणत्याही तपासनिसाने पाठ थोपटावी. चार दिवसांनी जोडायला बसले तेव्हा कळलं की क्रमांक ज्या क्रमाने वस्तू निघाल्या त्याचे आहेत, त्या कुठल्या जागच्या याचा त्यात पत्ता नाही. रजिस्टरमध्ये "कोणाकडून" असा रकाना होता. एकतीस ओळींत त्यांनी भरलं होतं: गाडीकडून.

तरी त्यांनी पुस्तकातली चित्रं बघून बरंच काही बसवलं. शेवटी उरल्या चार वायरी. एका काळ्या टोपीतून निघून त्या चार प्लगांना ठिणगी नेतात. टोपीला चार तोंडं, समोर चार प्लग. पुस्तकाच्या नेमक्या त्याच पानावर बाबांच्या हातचा ग्रीसचा डाग होता आणि खालचं काही वाचता येत नव्हतं. धाकटेरावांनी चौतीस वर्षांच्या सवयीने वायरी ओळीने लावल्या, एक, दोन, तीन, चार, आणि चावी फिरवली.

गाडी खोकली नाही. तिने मागून असा बार काढला की पहिल्या मजल्यावरची झोपलेली पोरं उठली. नेमके त्याच वेळी सेक्रेटरी दुसरी नोटीस घेऊन गाडीच्या मागे उभे होते. त्यांचा शर्ट पांढरा होता. धूर निवळल्यावर त्यांनी नोटिशीवरची काजळी झटकली आणि ती धाकटेरावांच्या हातात दिली. सर म्हणाले, "म्हणजे ठिणगी पडतेय. फक्त चुकीच्या वेळी पडतेय." त्यांनी वायरींच्या चोवीस शक्यता असतात असं कागदावर मांडून दाखवलं. नऊ करून झाल्यावर बॅटरी उतरली.

तो शुक्रवार होता. धाकटेराव काळे हात तसेच मांडीवर ठेवून गाडीत बसले, बाबांच्या जागी, आणि त्यांना रडू आलं. लहानपणी आईची फेरी खाताना कधी लाज वाटली नव्हती. ती आता एकदम, व्याजासकट आली. फोन वाजला. शोरूमची मुलगी होती. "मालक आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण देतील?" धाकटेराव म्हणाले, "ते कोणाला कमी देत नसत. पाच लिहा." मग वर जाऊन ते आईच्या कॉटवर बसले.

"आई, जमत नाहीये गं. रविवारी टॅक्सी बोलावतो. मोठी, चांगली."

आईने त्यांचे हात पाहिले. "टॅक्सीत बसायला मी काय म्हणाले होते का?" ती म्हणाली. "उद्या सकाळी मला खाली ने."

अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरायला तिला वीस मिनिटं लागली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तिने चादरीवरच्या भागांकडे पाहिलं, एक चिठ्ठी उचलून वाचली आणि म्हणाली, "अक्षर चांगलंय." मग चष्मा पुसून सेक्रेटरींना म्हणाली, "टॉर्च धरा हो जरा. नाही, असा नाही, तिरका. माणसाच्या डोळ्यांवर नाही, हातावर पाडायचा." सेक्रेटरी तिसरी नोटीस खिशात घालून टॉर्च धरून उभे राहिले.

"आई, तुला हे येतं?"

"बावीस वर्षं दिवा कोणी धरला? दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं रे. काम करणाऱ्याला फक्त पाना दिसतो." तिने बोट दाखवलं. "ती नळी उलटी लावलीयस. ते झाकण इथलं नाही, तिथलं. आणि वायरी काढ सगळ्या. आता आंघोळीच्या क्रमाने लाव."

"आंघोळीच्या?"

"चार प्लग म्हणजे तुम्ही चौघं. पुढून पहिला दादा, मग मधला, मग ताई, शेवटचा तू. शाळेच्या दिवशी पहिली आंघोळ दादाची, त्याची शाळा लांब. मग ताई, तिचे केस वाळायला हवेत. मग तू, नाहीतर रडायचास. आणि शेवटी मधला, त्याला उठवायलाच तेवढा वेळ लागायचा. टोपीवरून फिरताना ठिणगी त्याच क्रमाने जाते. तुझ्या बाबांच्या काही केल्या लक्षात राहायचं नाही. मला विचारायचे, आज आंघोळी कशा झाल्या?"

एक, तीन, चार, दोन. सरांनी आपल्या चोवीस शक्यतांच्या कागदावर ती ओळ शोधली. सतरावी होती. कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली आणि त्या दिवशी पुढे एकही तत्त्व सांगितलं नाही. दुपारी शेजारच्या गाडीवरून बॅटरी जोडली, आईने "चोक अर्धाच ओढ, आणि घाई करू नकोस" म्हटलं, आणि गाडी एकदा खोकून सुरू झाली. अगदी तोच आवाज, अंथरुणातून ऐकू यायचा तो. बायकोने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बराच वेळ आत घेतलं नाही.

पाचव्या रविवारी आई पावणेसहालाच तयार होऊन बसली होती, मांडीवर रिकामी किटली. "इतक्या लवकर?" धाकटेरावांनी विचारलं, तर म्हणाली, "हीच वेळ." गाडीत बसताना ती अडखळली नाही. एक हात दाराला, आधी पाठ आत, मग पाय, अशी सवयीने बसली. धाकटेराव मात्र दोनदा डोक्याला लागून आत आले.

ते पाण्याच्या टाकीकडे वळू लागले तर आई म्हणाली, "तिकडे नाही. डावीकडे." दुधाचं केंद्र आलं, अजून उघडलं नव्हतं. "पुढे घे." मग एक चढ, एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत, भिंतीशी तीन झाडं. "इथे थांब. बंद कर."

सगळं शांत झालं. गरम इंजिन थोडा वेळ टकटक करत राहिलं. धाकटेरावांनी ठरवून ठेवलेलं बोलायला हीच जागा बरी वाटली.

"आई, तुझे सगळे पाचवे रविवार मी खाल्ले. एकदाही तुला बस म्हटलं नाही. तुझ्या वाट्याला फक्त दुधाची किटली आली."

आई इतकी हसली की किटलीचं झाकण वाजू लागलं.

"अरे वेड्या, रविवार मला हवा होता कशाला? मला रोज होती की गाडी. दूध साडेसहाला मिळायचं. आम्ही निघायचो पावणेसहाला. इथे येऊन बसायचो."

"इथे? इथे काय होतं?"

"कोणी नव्हतं," आई म्हणाली. "दोन खोल्यांत नऊ माणसं. सासूबाई-मामंजी आत, काका बाहेर, तुम्ही चौघं जिथे जागा मिळेल तिथे. नवऱ्याशी एक शब्द बोलायचा तर सात जणांना ऐकू जायचा. इथे बसून आम्ही भांडलो, तुमची नावं शाळेत घातली, तुझे आजोबा गेले तेव्हा तुझे बाबा इथे रडले. घरात नाही रडले." तिने समोरच्या काचेवरून बोट फिरवलं. "तुम्ही सगळे आयुष्यभर त्यांना हसलात. तुला काय वाटलं, दोन सीटांची गाडी त्यांनी चुकून घेतली?"

सगळ्या जेवणांतलं ते "स्वस्तात मिळाली" धाकटेरावांना एकामागून एक ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी आई मान खाली घालून वाढत होती ते दिसत होतं. त्यांना वाटायचं ती लाजते आहे. लाजतच होती, फक्त कारण वेगळं होतं. मग त्यांना जाणवलं की आपण कोणाच्या जागेवर बसलो आहोत. पुन्हा एकदा आईच्या फेरीत धाकटाच येऊन बसला होता.

त्यांनी दार उघडलं, गुडघे सांभाळत बाहेर आले आणि दार हळूच लावलं. ते भिंतीशी वीस पावलांवर जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

फिरायला निघालेला एक माणूस थांबला. "बंद पडली वाटतं? ढकलायला हात लावू?"

"नाही हो, उत्तम चालते," धाकटेराव म्हणाले. "आत दोघांचीच जागा आहे."

माणसाने गाडीत डोकावून पाहिलं, एकटी म्हातारी दिसली, आणि तो पुढे चालू लागला. केंद्राचं शटर वर गेल्याचा आवाज खालून आला तेव्हा गाडीचा हॉर्न एकदा वाजला.

"चल," आई काच खाली करून म्हणाली. "दूध संपेल."